‘तुम्ही काय दिलंत त्यांना?’ : उद्योगांसाठी चाललेल्या ओढाताणीची बडोद्यातून दिसणारी पार्श्वभूमी

२७ ऑक्टोबर २०२२. भाऊबीजेचा दुसरा दिवस. नागपूरची बहीण अजून आमच्या दांडिया बाजारातल्या घरी होती. दुपारच्या चहाला सगळे टीव्हीसमोर बसलेले असताना बातमी आली की हवाई दलाची सी-२९५ विमानं बडोद्यात बनणार; टाटा आणि एअरबस मिळून कारखाना उभारणार; करार २१,९३५ कोटींचा. भाचा तेव्हा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होता. त्याने कप खाली ठेवला. “मामा, आमचा कारखाना पळवलात,” म्हणाला. मग थोडं थांबून, “खरं सांगा, तुम्ही काय दिलंत त्यांना?”

त्याचा राग मला समजत होता. हा कारखाना नागपूरच्या मिहान या विमानतळालगतच्या औद्योगिक क्षेत्रात यावा असा प्रयत्न चालू असल्याचं महाराष्ट्राचे मंत्री आदल्याच महिन्यात बोलले होते. त्याच सप्टेंबरात वेदांता-फॉक्सकॉनचा १.५४ लाख कोटींचा सेमीकंडक्टर प्रकल्प तळेगावऐवजी गुजरातकडे गेला होता आणि पुण्या-मुंबईत त्यावरून आंदोलनं पेटली होती. (जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉनने त्यातून अंग काढून घेतलं. ज्याच्यावरून दोन राज्यं भांडली तो कारखाना त्या रूपात कुठेच उभा राहिला नाही.) आम्ही पिढ्यान् पिढ्या बडोद्यात राहणारी मराठी माणसं. अशा वेळी आमची अवघड जागा होते. पेपर महाराष्ट्राचा वाचायचा आणि वेरो, म्हणजे कर, बडोदा महानगर सेवासदनात भरायचा.

पण भाच्याचा दुसरा प्रश्न मनात राहिला. ‘तुम्ही’ म्हणजे कोण? बडोदा शहराने टाटांना काय दिलं? शहराच्या तिजोरीतून द्यायला काही उरलंय का? आणि एके काळी होतं, तेव्हा ते कसं दिलं गेलं?

हा प्रकार आपल्याकडचा नाही आणि नवाही नाही. १७९१ साली अमेरिकेत अलेक्झांडर हॅमिल्टनच्या पुढाकाराने कारखानदारीसाठी एक मंडळी स्थापन झाली आणि न्यू जर्सी राज्याने तिला दहा वर्षं स्थानिक कर माफ केले. पॅटर्सन हे शहर त्यातून उभं राहिलं. पुढे शंभरेक वर्षांनी त्याच न्यू जर्सीने कंपन्यांचे कायदे इतके सैल केले की देशभरच्या बड्या मक्तेदार कंपन्या नोंदणीला तिथे धावल्या. १९१३ साली राज्याने ते कायदे पुन्हा कडक केले, तशा कंपन्या शेजारच्या डेलावेअरमध्ये गेल्या आणि आजही तिथेच आहेत. नोंदणी एका राज्यात, कारखाना दुसऱ्या आणि मालक तिसऱ्या राज्यात, ही विभागणी तेव्हापासूनची.

सरकारी पैशाने कारखाना बोलावण्याची रीतसर योजना मात्र मिसिसिपी राज्याने १९३६ साली आणली. शेतीवर जगणारं गरीब राज्य, त्यात मंदी. गावांनी कर्जरोखे काढायचे, त्या पैशातून इमारत बांधायची आणि उत्तरेकडच्या कारखानदाराला ती वापरायला द्यायची. दक्षिणेतल्या इतर राज्यांनीही हाच कित्ता गिरवला. पुढे कारखान्यांसोबत कंपन्यांची मुख्यालयंही या बाजारात आली. २००१ साली बोइंगने सिॲटल सोडायचं जाहीर केलं. डॅलस, डेन्व्हर आणि शिकागो यांना झुलवत ठेवून शेवटी शिकागो निवडलं. पाचेकशे माणसांच्या कचेरीसाठी वीस वर्षांत सुमारे सहा कोटी डॉलरच्या सवलती ठरल्या. त्यांची मुदत संपली आणि २०२२ मध्ये बोइंगने मुख्यालय व्हर्जिनियातल्या आर्लिंग्टनला हलवत असल्याचं सांगितलं.

या सगळ्याचा कळस म्हणजे ॲमेझॉन. ७ सप्टेंबर २०१७ रोजी कंपनीने जाहीर केलं की सिॲटलच्या तोडीचं दुसरं मुख्यालय हवंय. ५०,००० नोकऱ्या, ५०० कोटी डॉलरची गुंतवणूक. इच्छुक शहरांनी प्रस्ताव पाठवावेत. २३८ प्रस्ताव आले. अटलांटाजवळच्या स्टोनक्रेस्ट गावाने तर आपल्या हद्दीतली ३४५ एकर जमीन वेगळी काढून त्या नव्या गावाचं नावच ‘ॲमेझॉन’ ठेवायची तयारी दाखवली. न्यू जर्सीने नेवार्क शहरासाठी ७०० कोटी डॉलर देऊ केले, मेरीलँडने त्याहून जास्त. दोघांच्याही पदरात काही पडलं नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये मुख्यालयाचे दोन तुकडे झाले. एक न्यूयॉर्कला गेला, एक आर्लिंग्टनला. न्यूयॉर्कमध्ये जवळपास ३०० कोटी डॉलरच्या सवलतींविरुद्ध लोक रस्त्यावर आले आणि १४ फेब्रुवारी २०१९ रोजी कंपनीने तिथून काढता पाय घेतला.

आर्लिंग्टनचा व्यवहार मला या सगळ्या प्रकरणातला सर्वांत शिकण्यासारखा भाग वाटतो. व्हर्जिनियाने दिलेली रोख रक्कम त्या मानाने फार कमी होती. २५,००० नोकऱ्यांसाठी ५५ कोटी डॉलर, म्हणजे नोकरीमागे २२,००० डॉलर, तेही नोकरी प्रत्यक्ष निर्माण झाल्यावर. खरा जोर वेगळ्या गोष्टीवर होता. राज्यभरात संगणकशास्त्राचं शिक्षण वाढवायचं आणि जवळच्या अलेक्झांड्रियात व्हर्जिनिया टेकचं नवं संकुल बांधायचं. कंपनी उद्या गेली तरी संकुल आणि त्यात शिकलेली माणसं राहणार होती.

हे वाचताना बडोद्याच्या माणसाला कलाभवन आठवल्याशिवाय राहत नाही.

सयाजीराव महाराज १८७५ साली गादीवर आले तेव्हा बारा वर्षांचे होते. १८८१ च्या अखेरीस पूर्ण अधिकार मिळाले. तेव्हाचं बडोदा म्हणजे स्वतःची तिजोरी, स्वतःची जमीन, स्वतःची रेल्वे असलेली राजधानी. डभोईची छोटी गाडी तर १८६२ सालीच धावली होती, सुरुवातीला बैल जुंपून. म्हणजे उद्योगाला द्यायचं ठरवलं असतं तर द्यायला भरपूर होतं. महाराजांनी दिलंही, पण क्रम बघण्यासारखा आहे. १८९० साली कलाभवन निघालं. रंगकाम, विणकाम, यंत्रकाम, चित्रकला हे सगळं देशी भाषेतून शिकवायचं, म्हणजे कारागिराच्या मुलालाही दार उघडं. दादासाहेब फाळके इथेच शिकले. कलाभवनाची धुरा होती रसायनशास्त्राचे प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर यांच्याकडे. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या कोटीभास्कर आणि भाईलाल अमीन यांनी गज्जरांसोबत अलेम्बिक उभं केलं, १९०७ साली. आधी रसायन शिकवलं गेलं, रसायनाचा कारखाना सतरा वर्षांनी आला.

मग पैसा. १९०६ च्या अमेरिका दौऱ्यानंतर महाराजांनी राल्फ व्हिटनॅक नावाच्या अमेरिकन माणसाला आर्थिक सल्लागार म्हणून बडोद्यात आणलं. २० जुलै १९०८ रोजी बँक ऑफ बडोदा स्थापन झाली. संपतराव गायकवाड, विठ्ठलदास ठाकरसी, तुळशीदास किलाचंद यांच्या बरोबरीने व्हिटनॅकचं नावही त्या यादीत आहे. भरणा झालेलं भांडवल दहा लाख. बँक संस्थानाच्या आश्रयाखाली होती, पण चालवणारे व्यापारी मुंबई-गुजरातेतले होते. त्यांना बडोद्याच्या मांडवीत पेढी उघडावीशी वाटली, कारण पाठीशी एक स्थिर दरबार होता आणि आजूबाजूला धंदा होता.

ग्वाल्हेरच्या शिंद्यांनी याच काळात बिर्लांना पायघड्या घातल्या आणि १९२१ साली जियाजीराव कॉटन मिल्स सुरू झाल्या. आमच्या संस्थानात ओखामंडळाच्या टोकाला १९२६ साली ओखा बंदर खुलं झालं आणि १९३९ पासून जवळच मिठापूरला टाटा केमिकल्सचा कारखाना उभा राहिला. त्याच वर्षी फेब्रुवारीत महाराज गेले. कंपनीची नोंदणीकृत कचेरी आज मुंबईत, बॉम्बे हाऊसमध्ये आहे. ग्वाल्हेरची गोष्ट याहून बोलकी. ‘ग्वालियर रेयॉन’ या नावाने १९४७ मध्ये निघालेली कंपनी आज ग्रासीम आहे. तिची नोंदणीकृत कचेरी नागद्याला, कारभार मुंबईला, आणि मूळ गावाचं नाव नावातल्या पहिल्या अक्षरापुरतं उरलेलं.

१ मे १९४९ रोजी बडोदा संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं. त्या दिवशी हे शहर राजधानी राहिलं नाही. उद्योगाच्या दृष्टीने त्याचा अर्थ असा की जमीन, कर, वीज यांबद्दलचे निर्णय आधी मुंबईला गेले आणि १९६० नंतर अहमदाबादला, मग गांधीनगरला. शहराच्या हातात उरली जकात, घरपट्टी आणि पाणीपट्टी. त्यातली जकातही गुजरातेत २००७ मध्ये गेली. नाक्यांवरच्या ट्रकच्या रांगा संपल्या हे चांगलंच झालं, पण त्याबरोबर महापालिकेचं स्वतःचं मोठं उत्पन्न गेलं आणि ती राज्याच्या अनुदानाकडे बघू लागली. भाच्याच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे आहे. कंपनीच्या नफ्यावरचा कर केंद्राचा, विक्रीवरचा आधी राज्याचा आणि आता केंद्र-राज्य दोघांचा, विजेवरचा राज्याचा. अमेरिकेतलं शहर स्वतःचे कर सोडून बोली लावू शकतं. आपल्याकडचं शहर बोली लावायला बसूच शकत नाही. भांडतात ती राज्यं.

आणि ती पहिल्यापासून भांडतात. १९६२ साली महाराष्ट्रात एमआयडीसी निघाली आणि त्याच वर्षी गुजरातेत जीआयडीसी. महाराष्ट्राने १९६४ मध्ये सवलतींचं सामूहिक पॅकेज आणलं, तेव्हा उद्देश मुंबई-पुण्याबाहेर कारखाने नेण्याचा होता. केंद्रानेही १९७१ पासून मागास जिल्ह्यांत भांडवली अनुदान सुरू केलं. पंचमहाल त्या यादीत होता. बडोद्याहून हालोल चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर, पण जिल्हा पंचमहाल. त्यामुळे कारखाने हद्दीच्या पलीकडे उभे राहिले आणि साहेब व कामगार बडोद्यात राहिले. आमच्या लहानपणी सकाळी सहा-साडेसहाला नाक्यानाक्यावर डबे घेऊन उभी असलेली माणसं आणि कंपन्यांच्या बसेस, हे सवलतीच्या नकाशाचंच चित्र होतं. आम्हाला तेव्हा ते कळत नव्हतं. हालोलला १९९६ साली जनरल मोटर्सच्या गाड्या बनू लागल्या. २०१७ मध्ये ते उत्पादन थांबलं आणि कारखाना एमजी मोटर या गाड्यांच्या कंपनीकडे गेला. माणसं बरीचशी तीच, बसवरचं नाव बदललं. अमेरिकेतलं कॅन्सस सिटी दोन राज्यांत वसलेलं आहे. तिथे कंपन्या सवलतीसाठी कचेऱ्या हद्दीच्या रस्त्यापलीकडे हलवायच्या, कर्मचाऱ्यांची घरं मात्र तिथेच. शेवटी २०१९ मध्ये दोन्ही राज्यांनी हा खेळ थांबवायचं ठरवलं.

आपल्याकडे थांबवण्याचा पहिला मोठा प्रयत्न झाला तो विक्रीकराच्या बाबतीत. १९९१ नंतर परवाना-राज गेलं तशी प्रत्येक राज्याने विक्रीकर माफी आणि विक्रीकर लांबणीवर टाकण्याच्या योजना काढल्या. लांबणीवर टाकणे म्हणजे कंपनीने ग्राहकाकडून कर घ्यायचा, पण सरकारजमा करायचा दहा-बारा वर्षांनी. तोवर तो पैसा बिनव्याजी कर्जासारखा वापरायचा. एकाने दिलं की दुसऱ्याला द्यावंच लागायचं आणि सगळ्यांच्या तिजोऱ्या रिकाम्या व्हायच्या. म्हणून सर्व राज्यांनी एकमताने ठरवलं की १ जानेवारी २००० पासून विक्रीकराच्या नव्या सवलती बंद आणि किमान दर सगळीकडे सारखे. जुन्या योजनांचं शेपूट मात्र लांब राहिलं. गुजरातच्या १९९५ च्या योजनेत एस्सारची वाडिनार रिफायनरी होती. १९९८ चं चक्रीवादळ आणि कोर्टाची स्थगिती यांमुळे ती मुदतीत सुरू होऊ शकली नाही. तरी कर लांबणीवर टाकण्याचा लाभ मिळाला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि जानेवारी २०१२ मध्ये निकाल लागला की कंपनी पात्र नव्हती. सहा हजार कोटींच्या वरचा कर परत करायची वेळ आली. एका सवलतीच्या कागदातल्या तारखेची किंमत एवढी.

या सगळ्यात जी घटना लोकांच्या लक्षात राहिली ती टाटांच्या नॅनो गाडीच्या कारखान्याची. ३ ऑक्टोबर २००८ ला टाटांनी पश्चिम बंगालमधलं सिंगूर सोडत असल्याचं सांगितलं आणि ७ ऑक्टोबरला अहमदाबादजवळचं साणंद ठरलं. मधल्या चार दिवसांत आणखी बऱ्याच राज्यांनी बोलावणं धाडलं होतं. गुजरातने ११०० एकर जमीन दिली, ती आणंद कृषी विद्यापीठाच्या ताब्यातली, म्हणून कुणाचं शेत घ्यावं लागलं नाही. शिवाय गुंतवणुकीच्या ३३० टक्क्यांपर्यंत, म्हणजे ९,५७० कोटींपर्यंत कर्जाची तरतूद; व्याज ०.१ टक्का, परतफेड वीस वर्षांनी. हे कर्ज कारखान्यातून मिळणाऱ्या कराशी जोडलेलं होतं. म्हणजे २००० साली दारातून बाहेर काढलेली विक्रीकराची सवलत कर्जाच्या नावाने खिडकीतून परत आली. नॅनो पुढे बंद पडली, साणंदला टाटांच्या दुसऱ्या गाड्या निघतात आणि त्या भागात दुसरे कारखानेही आले. म्हणून तो सौदा वाया गेला असं मी म्हणणार नाही. पण मेजावर आधी तयार जमीन होती, मग कर्ज होतं, हे विसरून चालत नाही.

१ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि कर माल वापरणाऱ्या राज्याला मिळू लागला. राज्यांनी त्यावरही वाट काढली: भरलेल्या राज्य-जीएसटीचा परतावा, मुद्रांक शुल्क माफ, वीज शुल्क माफ, व्याजात मदत. गुजरातने २०२० च्या धोरणात मोठ्या उद्योगांना गुंतवणुकीच्या बारा टक्क्यांपर्यंत रोख अनुदान द्यायचं ठरवलं. त्यात दर ठरवला तालुक्याच्या वर्गवारीवरून. मागास तालुक्याला जास्त, पुढारलेल्याला कमी.

हे सगळं कारखान्यांचं झालं. मुख्यालयाची गोष्ट वेगळी आणि आमच्यासाठी जास्त जिव्हाळ्याची.

बँक ऑफ बडोदाचं मुख्य कार्यालय आजही कागदावर बडोद्यात आहे. १९६९ चं राष्ट्रीयीकरण झालं, २०१९ मध्ये विजया आणि देना बँक तिच्यात विलीन झाल्या, तरी ते हललं नाही. पण चेअरमन आणि मोठे साहेब बसतात मुंबईत, वांद्रे-कुर्ला संकुलात. माझ्या वडिलांकडे बँकेचे थोडे शेअर होते. भागधारकांची वार्षिक सभा बडोद्यात भरायची तेव्हा ते इस्त्रीचा सदरा घालून, अहवाल काखेत धरून जायचे. संचालक मुंबईहून यायचे आणि सभा आटोपली की परतायचे. वडील घरी येऊन एवढंच सांगायचे, “आज बँक गावात होती.” त्यात तक्रार नसायची. सन फार्माचंही तसंच: नोंदणीकृत कचेरी बडोद्यात तांदळज्याला, कारभाराची इमारत गोरेगावला. नोंदणीकृत कचेरीला कायद्याने अर्थ आहे. कंपनीवर कुठलं उच्च न्यायालय, कुठला कंपनी निबंधक, हे तिच्यावरून ठरतं, आणि ती दुसऱ्या राज्यात न्यायची तर भागधारकांचा विशेष ठराव आणि केंद्राची मंजुरी लागते. पण वकील, हिशेबनीस, जाहिरातवाले, हॉटेलं आणि वरच्या पगाराच्या नोकऱ्या या ज्या खोलीत निर्णय होतात तिच्याभोवती जमतात.

ती खोली नुसत्या बांधकामाने हलत नाही. १७ डिसेंबर २०२३ ला सुरत डायमंड बोर्सचं उद्घाटन झालं. ६७ लाख चौरस फुटांची इमारत. मुंबईतल्या एका मोठ्या हिरे कंपनीने मुख्यालय सुरतेला हलवलं आणि थोड्याच दिवसांत ती मुंबईला परतली. व्यापाराला लागणारी विमानं, परदेशी गिऱ्हाईक, बाकीचे व्यापारी, मुलांच्या शाळा, सगळं मुंबईतच होतं. गांधीनगरजवळच्या गिफ्ट सिटी या वित्तीय केंद्रात तर २०१९ मध्ये पंधरापैकी दहा वर्षं आयकर माफीची तरतूद झाली. ही मोठी करसवलत आणि तीही केंद्राने दिलेली. तिथे बँकांची युनिटं आली, पण बहुतेकांची मुख्यालयं होती तिथेच राहिली.

आता ओढाताण आहे ती परदेशी कंपन्या स्वतःचं तांत्रिक आणि कचेरीचं काम करण्यासाठी इथे उघडतात त्या केंद्रांसाठी, ज्यांना जीसीसी (ग्लोबल कपॅबिलिटी सेंटर) म्हणतात. कर्नाटकाने त्यासाठी नोव्हेंबर २०२४ मध्ये धोरण आणलं, मध्य प्रदेश आणि गुजरातने फेब्रुवारी २०२५ मध्ये. इंदूरचे नातेवाईक आणि आम्ही एकमेकांना त्यांच्या बातम्या पाठवत असतो. कलाभवनाची इमारत आजही विद्यापीठाच्या तंत्रज्ञान विद्याशाखेचं घर आहे. आमच्या वाड्यातली चार मुलं गेल्या काही वर्षांत तिथून बाहेर पडली. तिघं पुण्याला आणि बंगळूरला आहेत, एक हालोलला बसने जातो.

विमानाचा कारखाना हरणीच्या विमानतळाजवळ उभा राहिला. २८ ऑक्टोबर २०२४ ला स्पेनचे पंतप्रधान आणि आपले पंतप्रधान उद्घाटनाला आले होते. छप्पन्नपैकी चाळीस विमानं इथे बनायची आहेत. धावपट्टी शेजारी, सुटे भाग करणारे कारखाने मकरपुऱ्यापासून सावली गावापर्यंत पसरलेले, रेल्वेचे डबे बांधणारी माणसं २००८ पासून सावलीत तयार झालेली. राज्याच्या सवलती याच्यावर बसल्या. भाच्याला मी हे सगळं एकदा बसून सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, पण नागपूरलाही धावपट्टी आहे हे बजावून सांगितलं. ते खरंच आहे.

तो आता पुण्यात अशाच एका परदेशी कंपनीच्या केंद्रात आहे. मागच्या महिन्यात त्याचा फोन आला. त्यांची कंपनी लहान शहरात दुसरी कचेरी काढायचा विचार करतेय, यादीत बडोदाही आहे, आणि साहेबांनी त्याला चार गोष्टी विचारून ठेवायला सांगितल्या होत्या. सवलतीचं त्याने काही विचारलं नाही. “मामा,” म्हणाला, “सकाळी बडोद्याहून निघून दहाच्या आत मुंबईत पोचवणारी गाडी कुठली?” मी स्टेशनवर जाऊन फलकाचा फोटो काढला आणि त्याला पाठवला.